औषध सुरू झाल्यावर छाती-पाठीवर आलेल्या पुटकुळ्या: मुरुम की औषधाचा परिणाम?

दवापेटी

वय पस्तीस-चाळीस, आजवर कधी मुरुम आलेले नाहीत, आणि आठ-पंधरा दिवसांत छाती, खांदे, पाठ पुटकुळ्यांनी भरून जाते. सगळ्या एकाच मापाच्या, जणू एकाच दिवशी उगवलेल्या. असा माणूस फार्मसीत येतो आणि मुरुमांचं क्रीम मागतो. खोदून विचारलं की कळतं, मध्यंतरी कुठलं तरी औषध सुरू झालंय. त्याला क्रीम देऊन वाटेला लावणं बरोबर वाटत नाही. आणि 'तुमच्या गोळीमुळे असेल' असं म्हणावं, तर तो घरी जाऊन गोळीच बंद करतो, ते त्याहून वाईट.

म्हणून विचारतो. हे नेहमीचे मुरुम नाहीत हे कशावरून ओळखायचं? कुठल्या औषधांचा संशय आधी घ्यायचा आणि किती दिवसांनी? आणि जे औषध थांबवता येत नाही, त्या रुग्णाचं काय करायचं?

त्वचा-वही

आधी नेहमीचा मुरुम कसा तयार होतो ते पाहू, कारण फरक तिथेच आहे. केसाच्या छिद्राचं तोंड मृत पेशी आणि तेलाने बुजतं, त्यातून बंद पांढरा दाणा किंवा काळं टोक तयार होतं, आणि पुढे त्यातल्या काहींना सूज येते. हे प्रत्येक छिद्रात वेगवेगळ्या दिवशी घडतं. त्यामुळे एकाच चेहऱ्यावर काळी टोकं, लाल पुळी, पू भरलेला फोड आणि जुना डाग असा सगळा गोतावळा एका वेळी दिसतो.

औषधाने येणाऱ्या पुरळात बहुतेक वेळा छिद्र बुजण्याची पायरीच नसते, थेट दाहच सुरू होतो. म्हणून दाणे एकाच वयाचे दिसतात आणि काळी-पांढरी टोकं जवळजवळ सापडत नाहीत. बघण्याची पद्धत सोपी आहे: उजेड समोरून न घेता बाजूने तिरका घ्या आणि दोन बोटांनी त्वचा ताणा. बंद पांढरे दाणे असतील तर ताणल्यावर उठून दिसतात. चेहऱ्यापेक्षा छाती, खांदे, दंडाची बाहेरची बाजू जास्त भरलेली असेल तर संशय वाढतो. कोपरापुढचे हात, कंबर, मांड्या अशा जागीही दाणे असतील तर आणखी वाढतो, कारण नेहमीचे मुरुम सहसा तिथवर जात नाहीत.

मात्र या खुणेवर डोळे झाकून विसंबू नका. स्टिरॉइडचं पुरळ जुनं झालं की त्यातही टोकं तयार होतात. आणि टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनने येणारे मुरुम तर खऱ्या मुरुमांच्याच वाटेने येतात, त्यात टोकं पहिल्यापासून असतात.

खरा पुरावा तारखांतून मिळतो. एक कागद घ्या आणि मागच्या सहा महिन्यांत अंगात किंवा अंगावर जे जे गेलं ते सुरू केल्याच्या तारखेसकट लिहून काढा. नुसत्या गोळ्या नकोत. इंजेक्शनं, टॉनिक, व्यायामशाळेतली पावडर, इन्हेलर, गर्भाशयात बसवलेलं हार्मोनचं साधन, खोकल्याचं औषध, 'गोरं करणारं' क्रीम हे सगळं त्यात आलं पाहिजे. लोक यांना औषध समजत नाहीत, म्हणून सांगत नाहीत. डोस कधी वाढवला तेही लिहा. जुनंच औषध डोस वाढल्यावर पुरळ आणतं.

गोळी-गणित

संशयाचा क्रम सांगतो. सगळ्यात वर स्टिरॉइड. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन पोटातून किंवा इंजेक्शनने सुरू झालं की साधारण दोन ते चार आठवड्यांत पुरळ येतं. डोस जितका मोठा, तितकी शक्यता जास्त. डोस उतरला की काही आठवड्यांत ते ओसरतं. पण हा डोस रुग्णाने स्वतः उतरवायचा नाही. तीन आठवड्यांहून जास्त काळ गोळी चालू असेल तर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल बनवण्याची सवय मोडलेली असते. एकदम बंद केली तर उलट्या, प्रचंड थकवा, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत मजल जाते. पुरळापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे. इन्हेलर किंवा मास्कने वाफ घेणाऱ्यांच्या तोंडाभोवती दाणे येत असतील तर प्रत्येक वेळी चेहरा धुणं आणि चूळ भरणं एवढ्यानेही फरक पडतो.

दुसरा गट हार्मोन्सचा. टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलोल, डॅनाझोल. शरीर कमावण्यासाठी ही इंजेक्शनं घेणाऱ्याच्या छाती-पाठीवर मोठ्या, दुखऱ्या, फुटणाऱ्या गाठी आल्या आणि सोबत ताप आणि सांधेदुखी असेल तर तो साधा मुरुम नव्हे, लगेच डॉक्टरकडे पाठवा. स्त्रियांमध्ये नुसतं प्रोजेस्टिन असलेली गर्भनिरोधकं (लेव्होनॉरजेस्ट्रेलचं गर्भाशयातलं साधन, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन) मुरुम वाढवू शकतात. इस्ट्रोजेन जोडीला असलेल्या गोळ्या बहुतेकदा उलट मुरुम कमी करतात. त्यामुळे 'गर्भनिरोधक घेते' एवढ्यावर थांबू नका, कोणतं ते विचारा.

लिथियम, म्हणजे मनोविकारात मूड स्थिर ठेवणारं औषध. यात मुरुमांसारखं पुरळ येतंच, शिवाय आधीचा सोरायसिस भडकतो. इथे फार्मसीत होऊ शकणारी चूक म्हणजे दुखऱ्या फोडांसाठी आयबुप्रोफेन देणं. त्या गटातल्या वेदनाशामकांनी लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि हात थरथरण्यापासून विषबाधेपर्यंत काहीही होऊ शकतं. डॉक्टरांनी टेट्रासायक्लिन गटातलं प्रतिजैविक लिहून दिलं असेल तर लिथियमची पातळी तपासायची आठवण करून द्या.

फिट्सच्या औषधांत फेनिटॉइनचं नाव जुनं आहे. व्हॅल्प्रोएटची वाट वेगळी: वजन वाढतं, पाळी अनियमित होते, पुरुषी हार्मोन वाढतात आणि त्यातून मुरुम. म्हणजे इथे मलमापेक्षा पाळीबद्दलचा प्रश्न जास्त कामाचा. दोन्ही औषधं एकदम थांबवली तर फिट्स थांबता थांबत नाहीत अशी वेळ येऊ शकते.

क्षयाच्या औषधांत पहिला संशय आयसोनियाझिडवर. ज्यांचं यकृत हे औषध सावकाश निकामी करतं, त्यांच्यात जास्त दिसतं. फसगत होते ती वेळेमुळे. हे पुरळ कधी कधी कित्येक महिन्यांनी येतं, तोवर कुणाला त्या गोळीची आठवणही नसते. औषध मध्येच सोडलं तर जंतू दाद देईनासे होतात, म्हणून इथे गोळी चालू ठेवून पुरळावर उपचार करायचे. या रुग्णांना मज्जातंतू सांभाळण्यासाठी ब-६ थोड्या मात्रेत, बहुधा १० ते २५ मिग्रॅ रोज, दिलेलंच असतं. त्यावर आणखी एखादं ब-जीवनसत्त्वांचं टॉनिक चढवू नका. मोठ्या मात्रेतलं ब-६ आणि ब-१२ स्वतःच पुरळ आणतात.

आयोडीन आणि ब्रोमीन या गटाकडे लोकांचं फार दुर्लक्ष होतं. पोटॅशियम आयोडाइड असलेली खोकल्याची औषधं, समुद्री शेवाळाच्या गोळ्या, काही वेळा हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडारोन. अमिओडारोनच्या २०० मिग्रॅच्या एका गोळीत सुमारे ७५ मिग्रॅ आयोडीन असतं, आणि शरीराची रोजची गरज आहे ०.१५ मिग्रॅ. पाचशेपट! मूत्रपिंड कमजोर असेल तर आयोडाइड साठत जातं आणि पुरळ जास्त उग्र होतं.

अलीकडे यादीत प्रतिकारशक्ती दाबणारं सिरोलिमस आणि जेएके रोधक, म्हणजे दाहाचा पेशीतला संदेश अडवणाऱ्या गोळ्या (उपाडासिटिनिब, अब्रोसिटिनिब), हीही नावं आली आहेत. संधिवाताच्या किंवा इसबाच्या रुग्णाला यापैकी काही चालू आहे का, ते विचाराच.

रोमकूप

वरच्या दोघांशी सहमत, पण एक मोठी गोष्ट राहिली आणि चुका तिथेच जास्त होतात. स्टिरॉइड घेणाऱ्याच्या पाठीवरचं एकसारखं पुरळ पुष्कळदा स्टिरॉइडचं नसतंच, किंवा निव्वळ त्याचं नसतं. ते मॅलासेझिया या यीस्ट बुरशीचं असतं. ही बुरशी प्रत्येकाच्या त्वचेवर असते. प्रतिकारशक्ती दबली, घाम वाढला किंवा प्रतिजैविकांनी शेजारचे जीवाणू मेले की ती केसाच्या छिद्रात फोफावते.

ओळख खाजेवरून. नेहमीचे मुरुम दुखतात, हे खाजतात. दाणे १-२ मिमीचे, पाठीचा वरचा भाग, छाती, कपाळाची केसांलगतची कड. आणि दुसरी खूण उपचारातून कळते: मुरुम समजून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं आणि पुरळ वाढलं. असं झालं की डोस वाढवू नका, निदान बदला.

तपासणी स्वस्त आणि दहा मिनिटांची आहे. पू असलेला एक दाणा निर्जंतुक सुईने फोडून आतला ऐवज काचपट्टीवर घ्यायचा, १० ते २० टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. यीस्टचे गोल, कळ्या फुटलेले गुच्छ भरपूर दिसले पाहिजेत. दोन-चार इकडेतिकडे दिसले तर त्याला अर्थ नाही, तेवढे निरोगी त्वचेवरही असतात.

उपचार: केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू ओल्या छाती-पाठीवर लावून ५ ते १० मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा, दोन-तीन आठवडे. नुसता लावून लगेच धुतला तर उपयोग नाही, बहुतेकांचं तिथेच बिनसतं. हटत नसेल तर डॉक्टर इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल पोटातून देतात.

दवापेटी, इट्राकोनॅझोलची चिठ्ठी आली की बाकीची औषधं नक्की बघा. कोलेस्टेरॉलचं सिमव्हास्टॅटिन सोबत चालत नाही, स्नायू विरघळण्याचा धोका असतो. फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइडचा इन्हेलर असेल तर ते स्टिरॉइड शरीरात साठतं, म्हणजे मूळ दुखण्यात भरच. क्षयाचा रुग्ण रिफाम्पिसिनवर असेल तर इट्राकोनॅझोल रक्तात टिकतच नाही, दिलं काय नि न दिलं काय. आणि कॅप्सूलला पोटात आम्ल लागतं, म्हणून ती जेवणानंतर घ्यायची. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही.

दवापेटी

डॉक्सिसायक्लिनने वाढलं तर निदान बदलायचं, हे लिहून ठेवलं. ब-१२ बद्दल थोडं विस्ताराने सांगाल का? कमतरता असलेल्यांना ती इंजेक्शनं थांबवता येत नाहीत. आणि चेहऱ्याला महिनोन्‌महिने स्टिरॉइड क्रीम लावणाऱ्यांचं काय? क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो म्हणून ते पुन्हा मागायला येतात.

गोळी-गणित

ब-१२: प्रौढाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम, आणि एका इंजेक्शनात बहुधा १००० मायक्रोग्रॅम. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की रक्तात ब-१२ भरपूर झालं की त्वचेवरचा मुरुमांचा जीवाणू स्वतःचं ब-१२ बनवणं कमी करतो आणि त्याऐवजी पॉर्फिरिन जास्त बनवतो. हे पॉर्फिरिन दाह पेटवतं. त्यात निरोगी स्वयंसेवक फक्त दहा होते आणि मुरुम आले ते एकाला, म्हणून हे शेवटचं उत्तर मानू नका, पण कारण पटण्यासारखं आहे.

आधी ठरवा की इंजेक्शन कशासाठी आहे. आतड्यातून ब-१२ शोषलंच जात नाही, रक्तक्षय किंवा हातापायांना मुंग्या आहेत, अशा माणसाने ते थांबवायचं नाही. पुरळावर वरून उपचार करायचे आणि सुरुवातीचा जवळजवळच्या इंजेक्शनांचा टप्पा संपला की बहुतेकदा त्रास कमी होतो. 'अशक्तपणा वाटतो' म्हणून तपासणीशिवाय घेतलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून बंद करा. थांबवल्यावर पुरळ काही दिवस ते काही आठवड्यांत जातं, आणि तसं गेलं की कारणाचीही खात्री पटते.

त्वचा-वही

क्रीमबद्दल मी सांगते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावलं की तोंडाभोवती, नाकपुड्यांच्या कडेला, कधी डोळ्यांभोवती बारीक लाल दाणे येतात. एक खूण लक्षात ठेवा: ओठांच्या कडेला लागून एक बारीक पट्टी स्वच्छ राहते. रुग्ण क्रीम लावतो, दोन दिवस लाली दबते, म्हणून त्याला वाटतं औषध लागू पडतंय. आत त्वचा पातळ होत जाते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि क्रीम चुकलं की लाली, जळजळ, दाणे दुपटीने उसळतात.

त्या उसळीची कल्पना आधी दिली नाही तर रुग्ण आठवड्याच्या आत जुन्याच क्रीमकडे वळतो. त्याला स्पष्ट सांगा: पहिले एक-दोन आठवडे आत्तापेक्षा वाईट दिसेल, पूर्ण शांत व्हायला बहुधा दीड-दोन महिने लागतील, फार वर्षं लावलं असेल तर त्याहून जास्त. या काळात चेहऱ्यावर फक्त सौम्य, बिनवासाचं क्लेन्झर आणि साधं मॉइश्चरायझर. बाकी सगळं कपाटात, मुरुमांची क्रीमंसुद्धा, कारण पातळ झालेल्या त्वचेवर ती आग करतात. खूप तीव्र क्रीम खूप काळ लावलेलं असेल तर डॉक्टर मधले थोडे आठवडे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनवर आणून मग थांबवतात, आणि जोडीला काही आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग निवडतात.

वॉर्ड-नोंद

कॅन्सरच्या औषधांचा विषय कुणी काढला नाही, म्हणून लिहिते. सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब, अर्लोटिनिब, गेफिटिनिब, अफाटिनिब ही औषधं पेशीवरच्या ईजीएफआर नावाच्या ग्राहीला (वाढीचा संदेश झेलणाऱ्या जागेला) अडवतात. हीच ग्राही केसाच्या छिद्रातल्या निरोगी पेशींनाही लागते. म्हणून पहिल्या एक-दोन आठवड्यांत चेहरा, टाळू, छाती, पाठीवर लाल, पू भरलेले, खाजणारे-दुखणारे दाणे येतात. मुरुम दिसतात, पण ते मुरुम नाहीत. इथे तेल वाढलेलं नसतं, उलट त्वचा कोरडी पडत असते. त्यामुळे बेंझॉइल पेरॉक्साइड, ट्रेटिनॉइन, अल्कोहोल असलेले टोनर यांनी हाल होतात. अशा रुग्णाला मुरुमांचं क्रीम अजिबात देऊ नका.

पुरळ येण्याची वाट पाहू नये. पॅनिटुमुमॅबच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत औषधाच्या आदल्या दिवसापासून सहा आठवडे मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन आणि डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा असं दिलं. मध्यम किंवा त्याहून तीव्र त्वचात्रास या गटात २९ टक्के रुग्णांना झाला. पुरळ आल्यावर उपचार सुरू केलेल्या गटात तो ६२ टक्क्यांना झाला. डॉक्सिसायक्लिन इथे जंतू मारायला नसून दाह शमवायला असतं. गोळी भरपूर पाण्यासोबत, उभं किंवा बसून घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला व्रण पडतो.

किती अंग व्यापलंय ते रुग्णाच्या स्वतःच्या तळहाताने मोजा. बोटांसकट एक तळहात म्हणजे साधारण १ टक्का. १० टक्क्यांपर्यंत सौम्य, १० ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. तीव्र असेल, पिवळी खपली धरत असेल किंवा ताप असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. डोस थांबवायचा की कमी करायचा ते तेच ठरवतील. आणि रुग्णाला हे जरूर सांगा की ज्यांना हे पुरळ येतं त्यांच्यात औषधाचा गुणही बरेचदा चांगला दिसलेला आहे. पुरळ नाही म्हणजे गुण नाही, असा उलटा अर्थ मात्र काढायचा नाही. चेहऱ्याकडे बघून खचलेल्या माणसाला एवढं कळलं तरी तो गोळी चुकवत नाही.

यंत्रशाळा

औषधांच्या यादीत काही सापडलं नाही तर कामाबद्दल विचारा. लेथवर काम करणाऱ्यांच्या मांड्या आणि कोपरापुढच्या हातांवर काळी टोकं आणि फोड येतात, कारण कटिंग ऑइलने भिजलेला कपडा तिथे दिवसभर घासतो. उपाय म्हणजे कामाचे कपडे रोज बदलणं आणि तेल अडवणारा एप्रन. क्लोरिनयुक्त रसायनांशी, विशेषतः डायॉक्सिनशी, संबंध आला तर कानामागे आणि डोळ्यांच्या कडेला असंख्य काळी टोकं आणि पिवळट गाठी येतात, नाक बहुधा वाचतं. इटलीत सेवेसो इथे १० जुलै १९७६ च्या कारखान्यातल्या अपघातानंतर मुलांमध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. अशा वेळी फक्त त्वचा बघून भागत नाही, यकृताचीही तपासणी लागते. हेल्मेटचा पट्टा, मास्कची कड, पाठपिशवी यांच्या घर्षणाने येणारे दाणे नेमके त्या वस्तूच्या आकारात असतात, ते ओळखायला सोपे.

दवापेटी

शेवटचा प्रश्न. थेट डॉक्टरकडे कुणाला पाठवायचं, आणि बाकीच्यांना निदान धोका नाही असं काय देता येईल?

त्वचा-वही

नवीन औषध, विशेषतः प्रतिजैविक, सुरू केल्यापासून एक ते चार दिवसांत ताप आणि लालभडक त्वचेवर टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो पूचे ठिपके, तेही काखेत-जांघेत सुरू झालेले, म्हणजे मुरुम नव्हे. ही औषधाची तीव्र प्रतिक्रिया आहे, काही तासांच्या आत दवाखान्यात पाठवा. दोन ते आठ आठवड्यांनी ताप, सुजलेला चेहरा, मानेत-काखेत गाठी आल्या तरी तसंच, कारण आत यकृत किंवा मूत्रपिंड धरलेलं असू शकतं. तोंडात किंवा डोळ्यांत व्रण, त्वचा सोलवटणं, हेही त्याच रांगेत. एवढ्या प्रसंगांत संशयित औषधाचा पुढचा डोस घेण्याआधीच डॉक्टर गाठायचा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावर मध्ये खड्डा असलेले दाणे आले तर ते बुरशीच्या खोल संसर्गाचे असू शकतात, त्यालाही थांबवून ठेवू नका.

बाकीच्यांसाठी: खाज नसेल, चेहऱ्याला स्टिरॉइड क्रीम लावत नसेल, कॅन्सरची औषधं चालू नसतील, तर बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के पुरतं. ५ किंवा १० टक्क्यांचा गुण फारसा जास्त नाही, आग मात्र जास्त. पाठीसाठी धुण्याचा प्रकार घ्या, अंगावर दोन ते पाच मिनिटं ठेवून धुवा, सुरुवातीला एक दिवसाआड. सोबत तारखांचा तो कागद आणि पुरळाचे एकाच उजेडात काढलेले दर आठवड्याचे फोटो ज्या डॉक्टरांनी मूळ औषध लिहून दिलं त्यांच्याकडे न्यायला सांगा. चार ते सहा आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ. आणि पांढरा टॉवेल, पांढरी बनियन वापरायला सांगा, बेंझॉइल पेरॉक्साइडने रंगीत कपडे विटतात, नंतर लोक त्याची तक्रार घेऊन येतात.